आधी नमुना, मग थेंब

“आधी नमुना, मग थेंब! किती वेळा घसा फोडायचा मी?”

हा आवाज लॅबच्या मास्तरांचा. डोळ्यांच्या दवाखान्यात वर तपासणीची खोली आणि खाली तळघरात लॅब. मास्तर तळघरातून ताडताड जिना चढून वर आले होते आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरून दार लावून घेतलं होतं. पण दार जुनं, ते लागतंय कसलं! बाहेर स्लाइडची पेटी छातीशी धरून उभी होती ती मास्तरांच्या हाताखाली नुकतीच कामाला लागलेली मुलगी. पांढरा कोट अंगाला मोठा, बाह्या दुमडलेल्या. आत जावं तर भांडण, परत जावं तर मास्तर विचारणार पेटी का नाही दिली. मग काय, उभी राहिली आणि ऐकलं.

“आणि माणूस डोळा धरून कण्हतोय, त्याला मी काय सांगू?” डॉक्टर म्हणाले. डॉक्टर तेव्हा तरणे होते, आवाज लगेच चढायचा. “मास्तर जेवून येईपर्यंत थांब बाबा, असं?”

“मी जेवत नव्हतो! तुम्हीच काल पाठवलेल्या नमुन्याकडे बघत बसलो होतो. काही उगवलेलं नाही त्यात. उगवेल कुठून? आधी औषध घालून मारायचं, आणि मग मला विचारायचं की कोण होता!”

“मेला ना? मग झालं की.”

“मेला असता तर आज डोळा असा सुजला असता? अर्धमेला झालाय तो. माझ्या प्लेटमध्ये उगवेल इतका जिवंत नाही, आणि डोळा खायचं सोडेल इतका मेलेला नाही.”

मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, तुम्ही तळघरात बसता. तुम्हाला रडणं ऐकू येत नाही.”

मास्तरांनी खाडकन दार उघडलं. ते बाहेर आले, दारात तिला बघून दचकले.

“काय ऐकलंस?”

“काही नाही, मास्तर.”

“मग वाईट झालं. ऐकायला पाहिजे होतंस.”

तिने ऐकलं होतं की. मास्तरांचं बोलणं तिने त्याच दिवसापासून गाठीला बांधलं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्यही तिच्या कानात शिरलं होतं, पण ते तिने आत कुठेतरी ठेवून दिलं, आपण नको असलेलं भांडं माळ्यावर टाकतो तसं. टाकायचंही नाही आणि वापरायचंही नाही.

मास्तर पुढे थकले, घरी बसले, आणि तळघर तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. तिथे ती इतकी वर्षं राहिली की दवाखान्यात तिचं खरं नाव कुणाला आठवेना. सगळे तिला थांबाबाई म्हणायचे. कारण जिना चढतानाच ती खालून ओरडायला सुरुवात करायची, “थांबा! थेंब घालू नका, थांबा!” नव्या पेशंटांना वाटायचं, ही बाई आधी कुठल्यातरी बसवर कंडक्टर असणार.

तिचं काम काय, ते साध्या भाषेत सांगायचं तर असं. डोळ्यात जंतू शिरला आणि बुबुळाला जखम झाली, की डॉक्टर डोळा बधिर करतात आणि बारीक पात्याने जखमेचा कडेचा भाग किंचित खरवडतात. बधिर करायचा थेंब चालतो, पण तो तेवढ्यापुरताच, पुन्हा पुन्हा घातला तर जखम भरत नाही; औषधाचा मात्र चालत नाही. पात्यावर जे येतं ते डोळ्यांना दिसतही नाही, इतकं थोडं. त्यातलं काही काचेच्या स्लाइडवर पसरायचं, काही प्लेटवर. स्लाइडला जांभळा रंग द्यायचा, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं, मग लाल रंग द्यायचा. काही जंतू जांभळा धरून ठेवतात, धुतलं तरी सोडत नाहीत; काही सोडून देतात आणि लाल होतात. एवढ्यावरूनच अर्धी ओळख पटते. बाकीची ओळख प्लेटमध्ये. प्लेट म्हणजे बशीएवढी चपटी डबी, तिच्यात मेंढीचं रक्त घालून थिजवलेला थर. दुसरी एक प्लेट असते, तिच्यात रक्त तापवून घालतात, ते तपकिरी होतं, म्हणून लॅबवाले तिला चॉकलेट म्हणतात. एका नव्या सिस्टरने एकदा खरंच विचारलं होतं, “उरलं तर मिळेल का?” थांबाबाईने तिला प्लेटचं झाकण उघडून वास घ्यायला लावला. पुन्हा विचारलं नाही.

ह्या प्लेटा फ्रीजमध्ये ठेवायच्या, पण वापरायच्या वेळी गार नकोत. डोळ्यातले काही जंतू मोठे नाजूक, उबेत वाढलेले. गार प्लेटवर टेकवले की तिथेच गारठून संपतात. आणि वरून बोलावणं यायचं ते ऐन वेळी. मग थांबाबाईने आपली युक्ती काढली होती. सकाळी आल्याबरोबर दोन प्लेटा फ्रीजबाहेर काढायच्या, आणि बोलावणं आलं की त्या कोटाच्या आत पोटाशी धरायच्या आणि जिना चढायचा. वर पोचेपर्यंत उरलासुरला गारवा जायचा.

वर थेंबवाली सिस्टर बसायची. पेशंटच्या डोळ्यात थेंब घालणं हेच तिचं काम, म्हणून थेंबवाली. ती कोटाचा फुगवटा बघून म्हणायची, “आल्या बघा, दिवस भरलेल्या बाई!”

“हो तर,” थांबाबाई म्हणायची. “आणि बाप कोण ते उद्या सकाळी कळेल. तू तोवर हातातली बाटली खाली ठेव.”

हसायचे सगळे. पण बाटली काही खाली राहायची नाही. आज एकाच्या डोळ्यात थेंब घातले, “फार आग होत होती हो त्यांना.” उद्या दुसऱ्याच्या डोळ्यात, “मला वाटलं साधेच डोळे आलेत.” परवा नमुना वेळेवर घेतला, पण कापसाची काडी टेबलावर ठेवून सिस्टर चहाला गेली आणि काडी वाळून कोरडीठाक झाली. कधी कुणी कळकळीने नमुना नेऊन फ्रीजमध्ये ठेवायचं, डब्याशेजारी, खराब होऊ नये म्हणून! थांबाबाई कपाळाला हात लावायची. ओरडायची, समजावायची, पुन्हा ओरडायची. सगळे माना डोलवायचे. बदली होऊन नवी सिस्टर यायची, आणि बाईचं गाऱ्हाणं पहिल्या पानापासून सुरू.

“डॉक्टर, तुम्ही सांगा ना त्यांना,” ती म्हणायची.

“सांगतो ना,” डॉक्टर म्हणायचे. त्यांचे केस आता पांढरे झाले होते आणि आवाज चढायचा बंद झाला होता. “तुम्हीही सांगता. ऐकणारा कुणीतरी लागतो, तो कुठून आणू?”

तिच्या घरी तीन माणसं. ती, तिचा नवरा आणि नणंद. नवरा चाव्या बनवायचा. रस्त्याच्या कडेला त्याची टपरी, शेजारी औषधाचं दुकान. माणूस देवाघरचा, कुणाचंही कुलूप उघडून देईल, पण घरात आवाज चढला की हा पाणी प्यायला आत. नणंद शिवणकाम करायची. लग्न केलं नव्हतं, त्याचं कारण विचारलं तर म्हणायची, “माप घ्यायला आलेले सगळेच आखूड निघाले.” काजं करावीत तर तिनेच. कोटाचं काज ती हाताने विणायची, टाक्याला टाका इतका चिकटून की कापडातच उगवल्यासारखं वाटायचं. मोठमोठे शिंपी तिच्याकडे नुसती काजं करायला कपडे पाठवायचे. त्या कामाला डोळे लागतात, नुसते हात नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवरून घरात रोज कुरबुर व्हायची, कारण उजेड तिथे, आणि नणंद ती जागा कुणाला देत नसे.

म्हणून तर थांबाबाईच्या लक्षात आलं. एक दिवस कामावरून आली, तर नणंद खिडकीकडे पाठ करून बसलेली.

“वन्सं, आज खिडकी सोडलीत?”

“ऊन लागतंय.”

“बाहेर ढग आलेत, वन्सं.”

“मग ढग लागतायत. तुला काय करायचंय?”

थांबाबाईने हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. उजवा डोळा लालभडक, पाणी गळतंय, पापणी उघडवत नाही. आणि बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. थांबाबाईने असे ठिपके जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यात बघितले होते, त्यांची खरवड रंगवली होती. घरात बघितला नव्हता कधी.

“हे कधीचं?”

नणंद म्हणाली, मशीनची सुई लोखंडी बटणावर आपटून तुटली, तुकडा उडून डोळ्याला चाटून गेला. “तुकडा सापडला जमिनीवर. म्हटलं, सुटले.”

“थेंब घातलेत?”

नणंद आतल्या खोलीकडे बघायला लागली. तिथून नवऱ्याचा खोकला ऐकू आला.

“अहो!”

नवरा बाहेर आला. खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. “साधेच आहेत. शेजारचा दुकानदार म्हणाला, सगळ्यांना चालतात.”

“एवढेच?”

त्याने कपाटावरून दुसरी बाटली काढली. मग नणंदेकडे बघितलं, नणंदेने शिवणाच्या डब्यातून तिसरी काढली. टेबलावर तिन्ही ओळीने उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

“मला का नाही सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस,” नणंद म्हणाली.

“मी ओरडत नाही!” थांबाबाई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्यांनी आपली खिडकी लावून घेतली.

त्याच दिवशी ती नणंदेला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दिव्याच्या यंत्रातून बराच वेळ डोळा बघितला, मग थांबाबाईकडे बघितलं. तिने त्या तीन बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

“माझ्या घरातल्या आहेत,” ती म्हणाली. “बोला, काय बोलायचं ते.”

“काय बोलू? घर सगळ्यांनाच असतं,” डॉक्टर म्हणाले आणि पातं हातात घेतलं.

नमुना घेतला. थांबाबाईने स्वतः स्लाइड रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली. पुवाच्या पेशींचा नुसता बाजार भरलेला, पण ज्याच्यासाठी हा बाजार भरला तो कुठेच नाही. जांभळा नाही, लाल नाही. प्लेट उबेच्या कपाटात, इनक्युबेटरमध्ये, ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली, तर थर गुळगुळीत, कोराकरकरीत. तिसऱ्या दिवशीही तेच. अर्धमेला! मास्तरांचा शब्द तिच्या डोक्यात घण घातल्यासारखा वाजत राहिला. तळघरात एकटीच होती म्हणून बरं, नाहीतर तिने जे शब्द काढले ते ऐकून प्लेटेतलं होतं नव्हतं तेही पळालं असतं.

तोवर डॉक्टरांनी अंदाजाने औषध चालू ठेवलं होतं. ठिपका टाचणीचं डोकं राहिला नाही, मसुराएवढा झाला. बुबुळामागे तळाला पुवाची पांढरी रेघ साचली. नणंद म्हणायची, “समोर कुणीतरी धुणं वाळत घातल्यासारखं दिसतं. पलीकडचं माणूस कळतं, पण तो तू की भाऊ ते कळत नाही.” आणि मग लगेच, “बोललीस की कळतं म्हणा.”

डॉक्टरांनी पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “आता सगळं बंद. उद्या सकाळपर्यंत एकही थेंब घालायचा नाही. त्या जंतूला जरा डोकं वर काढू दे, मग पुन्हा खरवडू.”

“आणि तोवर पसरलं तर?” हे थांबाबाईच विचारत होती.

“पसरेल थोडं. पण तो कोण आहे हे कळलं नाही तर सगळाच डोळा जाईल.”

“नुसता एखादा थेंब, दुखू नये म्हणून…”

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. टोमणा मारला नाही त्यांनी. मारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती दुपार थांबाबाईच्या जन्मात सगळ्यात लांब. रजा काढून ती घरी थांबली होती. नवरा टपरीवर गेला होता. गेला होता म्हणण्यापेक्षा पळाला होता. खोलीला पडदे ओढलेले. नणंद डोळ्यावर ओला रुमाल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती मोठ्याने रडणाऱ्यातली नव्हती. दात आवळून बारीक हुंकार द्यायची, थांबायची, पुन्हा द्यायची. ते मधलं थांबणं ऐकवत नव्हतं. आता येईल, आता येईल, असं वाटत राहायचं, आणि यायचाच.

थांबाबाई उठली. कपाटातून थेंबांची बाटली काढली, दवाखान्यातली, चांगली. हातात धरून उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. हा एक थेंब घातला तर उद्याची प्लेट पुन्हा कोरी, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ ह्या डोळ्याजवळ नाही. माहीत असूनही तिने बूच फिरवलं.

“काय उघडतेस?” भिंतीकडून आवाज आला.

“काही नाही.”

“बुचाचा आवाज कळतो मला. बंद कर ते.”

“वन्सं, एकच…”

“थांब म्हणते ना! अख्ख्या जगाला थांबा थांबा म्हणत हाडं झिजवलीस, आणि स्वतःच्या घरात आलं की एकच?”

“तुमचं कण्हणं मला ऐकवत नाही.”

“मग नको ऐकूस. मी काय तुला ऐकू यावं म्हणून कण्हते? जा, तुझ्या तळघरात जाऊन बस.”

डॉक्टरांचं ते जुनं वाक्य माळ्यावरून आपणहून खाली आलं होतं आणि नेमकं थांबाबाईच्या डोक्यात पडलं होतं. तिला एकदम त्या तरण्या डॉक्टरांचा फार राग आला आणि फार कीवही आली. मास्तरांचं खरं होतं. पण डॉक्टरांचंही खोटं नव्हतं. दोघांपैकी एकाचं खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

तिने बूच घट्ट लावलं आणि बाटली नवऱ्याच्या घरी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं. किल्ली खिडकीबाहेरच्या कुंडीत.

“काहीतरी बोल,” नणंद म्हणाली. “ओरड पाहिजे तर. गप्प राहिलीस की जास्त दुखतं.”

काय बोलणार? तिला एकाच गोष्टीवर बोलता येत होतं. ती प्लेटेवर बोलायला लागली. डॉक्टर पातं कसं टेकवतात, एकेक चंद्रकोर काढत, एकीखाली एक, ओळीने. नंतर काही उगवलं की आधी बघायचं, त्या चंद्रकोरींवर उगवलंय की बाहेर. कोरींवर उगवलं तर ते डोळ्यातलं. बाजूला कुठेतरी एकटंच उगवलं तर ते हवेतून पडलेलं, आपल्या कामाचं नाही.

“म्हणजे टाक्यावर आहे तो आपला, टाका सोडून आहे तो उसवलेला,” नणंद म्हणाली.

“अगदी तसं.”

“इतकी वर्षं झाली, घरात कधी सांगितलं नाहीस हे.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“तू ओरडायचीस, त्यातून वेळ कुठे होता विचारायला?”

संध्याकाळी नवरा आला, पेटी उघडायला गेला, कुलूप. किल्ली मागितली तर दोघींपैकी कुणी सांगेना. जगाच्या कुलपांना चाव्या करणारा माणूस, स्वतःच्या पेटीसमोर बसून राहिला. आणि बिचाऱ्याने कारणही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद तपासणीच्या खुर्चीत बसली. थांबाबाई खालून प्लेटा पोटाशी धरून आली, आणि दारातूनच दिसलं की थेंबवाली सिस्टर नणंदेची पापणी धरून उभी आहे, हातात बाटली.

“थांबा!”

सिस्टरचा हात इतका दचकला की थेंब नणंदेच्या कानावर पडला.

“बधिर करायचा आहे, बाई!” सिस्टर जवळजवळ रडवेली झाली. बाटली फिरवून तिने चिठ्ठी दाखवली. “डॉक्टरांनीच सांगितलाय. मी एवढी वेडी आहे का?”

होता तोच, बधिराचा. थांबाबाईने तरीही चिठ्ठी दोनदा वाचली. खुर्चीतून नणंद म्हणाली, “सिस्टर, मनावर घेऊ नका. घरी आम्ही कानात बोळे घालून बसतो.”

डॉक्टरांनी खरवडलं. थांबाबाईचा हात प्लेट धरताना आजवर कधी हलला नव्हता, तो त्या दिवशी हलला. डॉक्टरांनी काही न बोलता तिच्या हाताला खालून आपला दुसरा हात लावला आणि चंद्रकोरी काढल्या, एकीखाली एक.

खाली येऊन तिने स्लाइड रंगवली. जांभळा, आयोडीन, स्पिरिट, लाल. भिंगाला डोळा लावला. पुवाच्या गर्दीत, एका कडेला, जांभळे ठिपके. जोडीजोडीने. दोन दोन चिकटून, टोकाकडे निमुळते, जसे कुणी दोन बिया पाठीला पाठ लावून ठेवाव्यात. एक जोडी, पलीकडे दुसरी. “सापडलास, मेल्या!” ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं की मेलेला नाही हेच तर चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली. चंद्रकोरींवर, बरोबर कोरींवरच, बारीक चकचकीत दाणे उठले होते, मधे किंचित खळगा पडलेले, आणि प्रत्येकाभोवती लाल रक्तात हिरवट वर्तुळ. बाजूला काही नाही. मग औषधाच्या कागदी टिकल्या ठेवून दुसरी प्लेट केली. ज्या औषधाला जंतू भितो, त्या टिकलीपासून तो लांब राहतो आणि तिच्याभोवती मोकळं रिंगण पडतं. नवऱ्याने आणलेल्या बाटल्यांतल्या औषधांची रिंगणं इतकी बारीक की दात नसलेल्या म्हातारीने चावा घेतल्यासारखी. जंतूला दटावलं होतं त्यांनी, हाकललं नव्हतं. दुसऱ्या एका टिकलीभोवती मात्र अंगणच्या अंगण मोकळं.

त्या औषधाचे कडक थेंब दवाखान्यातच बनवले. तासातासाला घालायचे. आता “थांबा” म्हणायचं काही कारण नव्हतं, आता थांबाबाईच घड्याळ घेऊन मागे लागली आणि नणंद म्हणायला लागली, “अगं थांब, जरा श्वास घेऊ दे.” पुवाची रेघ उतरली. लाली उतरली. दुखायचं थांबलं.

डोळा राहिला. पण डाग राहिला. बुबुळाच्या बरोबर मध्यावर, दुधाचा थेंब पुसायचा राहून जावा तसा. त्या डोळ्याला उजेड दिसतो, माणसं दिसतात, सुईचं नेढं दिसत नाही. हाताची काजं सुटल्यासारखीच झाली. डाव्या डोळ्याने करते एखादं, फार वेळ लागतो, आणि टाका पूर्वीसारखा बसत नाही हे दुसऱ्या कुणाला कळलं नाही तरी तिला कळतं. शिंपी हळूहळू कपडे पाठवायचे बंद झाले. ती आता मशीनवर पडदे आणि चादरी शिवते, सरळ शिलाई.

“पहिल्याच दिवशी आला असतात तुम्ही,” थांबाबाई कधीतरी म्हणायची, “नमुना घेतला असता, तर एवढा डाग…”

“मग ओरडायचं कमी करायचं होतंस,” नणंद म्हणायची. “भाऊ म्हणाला होता तुला सांगू या. मीच म्हटलं, नको, डोळा तरी दुखतोय, आता कान कशाला?”

ते नणंद हसत म्हणायची. पण थांबाबाईला ते रात्रंदिवस टोचायचं, डोळ्यातल्या कुसळासारखं. कुणावर चिडावं तेच कळत नसे. दुकानदारावर चिडून आली, तर तो म्हणाला, “बाई, लोक कण्हत येतात, मी काय परत पाठवू?” नवऱ्यावर चिडावं तर तो आधीच अर्धा झालेला. आणि जिच्यावर चिडायला हवं होतं तिला आरशात बघून ओरडण्यात काय मजा?

एक मात्र झालं. त्यानंतर ती वर गेली की पेशंटच्या समोर स्टूल ओढून बसायची आणि विचारायची, “घरी काय काय घातलं? खरं सांगा. मी ओरडत नाही.” हे वाक्य म्हणताना तिचा जबडा असा आवळलेला असायचा की पेशंट आणखीच घाबरायचे. पण सांगायचे. पर्समधून, खिशातून, रुमालात बांधून आणलेल्या बाटल्या बाहेर यायच्या. ती हातात घेऊन बघायची, नाकाने मोठा श्वास घ्यायची, आणि डॉक्टरांना सांगायची, “काल रात्रीपर्यंत घातलंय.” मग डॉक्टर ठरवायचे, आज खरवडायचं की थांबायचं. एवढंच. बाकी सगळं होतं तसंच. काड्या वाळत होत्या, फ्रीजमध्ये डब्याशेजारी नमुने सापडत होते, आणि सिस्टरा बदलत होत्या.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दवाखान्याने चहा ठेवला होता. वरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, डॉक्टर दोन शब्द बोलणार होते. नवरा टपरी बंद करून आला होता, नणंद स्वतः शिवलेला नवा पांढरा कोट घेऊन आली होती. “निवृत्तीला कोट?” कुणीतरी विचारलं. “घरात घालेल,” नणंद म्हणाली. “आमच्यावर ओरडताना अंगावर काहीतरी नको का?” कोटाला एकच काज होतं, वरचं, हाताने केलेलं. टाके थोडे वाकडे होते. थांबाबाईने त्यावर बोट फिरवलं आणि कोट अंगात घातला.

चहा ओतला जात होता, तेवढ्यात कुणीतरी खालून एका रंगाऱ्याला वर घेऊन आलं. भिंत घासताना डोळ्यात काहीतरी गेलेलं, डोळा मिटून बसलेला. डॉक्टर भाषणाचा कागद ठेवून उठले. थांबाबाई तोवर जिन्यावर होती.

तळघरात सकाळी बाहेर काढून ठेवलेल्या दोन प्लेटा टेबलावर होत्याच. तिने त्या नव्या कोटाच्या आत पोटाशी धरल्या, स्लाइडची पेटी घेतली, जिना चढायला लागली. गुडघे आता कुरकुरायचे. अर्ध्यावर पोचल्यावर सवयीने तोंडातून निघालं, “थांबा! थेंब घालू नका!”

“आल्या बघा,” वरून थेंबवाली सिस्टर म्हणाली. “ह्या वयात, आणि तेही आज!”

“बाप कोण ते उद्या कळेल,” थांबाबाई म्हणाली. “मला नाही, तुम्हाला.” आणि स्टूल ओढून रंगाऱ्यासमोर बसली. “दादा, घरी काय घातलं? खरं सांगा. मी ओरडत नाही.”

रंगाऱ्याने एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं, मग खिशात हात घातला. एक बाटली निघाली. थोडं थांबून, दुसरी.

मागे खुर्चीवर बसलेली नणंद खाकरली. थांबाबाईने नाकाने मोठा श्वास घेतला, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या डोळ्यांजवळ धरून वाचल्या आणि डॉक्टरांकडे दिल्या. “आज सकाळीसुद्धा घातलंय,” ती म्हणाली.

“जखम मोठी आहे. आजच घेऊ या,” डॉक्टर म्हणाले. “नाही आलं काही, तर पुन्हा बघू.”

त्यांनी खरवडलं. तिने प्लेट धरली, हात हलू दिला नाही. चंद्रकोरी काढून झाल्या, झाकण लागलं, वर नाव आणि ‘उजवा’ लिहून झालं. चहा गार झाला होता. प्लेटा पुन्हा कोटाच्या आत घेऊन ती एकेक पायरी उतरत तळघरात आली, इनक्युबेटरचं दार उघडलं, प्लेटा उलट्या करून वरच्या खणात ठेवल्या, काटा बरोबर जागी आहे ना ते बघितलं, दार लावलं आणि कडी नीट बसली का म्हणून एकदा ओढून बघितली.